राखलेली कणसं

फार जुनी गोष्ट सांगतो. इतकी जुनी, की त्या काळी राज्य करणाऱ्या राजाचं नावही आता कुणाच्या लक्षात नाही. लहानांनी पुढं सरकून बसावं, थोरांनी मागं टेकून बसावं. गोष्ट दोघांचीही आहे.

एका नदीच्या वळणावर एक गाव होतं. गावाची जमीन काळीभोर, ओल धरून ठेवणारी. त्या जमिनीत जोंधळा पिकायचा. पावसाळा सरता सरता हस्त नक्षत्रात तो पेरायचा, थंडीत तो पोसायचा आणि पौषात त्याची कणसं दुधाळ, गोड झाली की हुरड्याचे दिवस यायचे. रानातच खड्डा खणून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, निखाऱ्यांत कणसं भाजायची, गरम कणीस हातावर चोळून कोवळे दाणे मोकळे करायचे आणि लसणाच्या चटणीबरोबर खायचे. त्या गावच्या हुरड्याचं नाव दहा कोसांत होतं.

गावचे पाटील हैबतराव. मोठा दिलदार माणूस. पंगतीला पाहुणा नसेल तर त्यांना जेवण गोड लागत नसे. पौष लागला की गावोगावच्या सोयऱ्यांना निरोप जायचे आणि पाहुणे आले की पाटील स्वतः विळा घेऊन रानात शिरायचे. कणसं कापायला घरात गडी होते, पण हे काम पाटील कुणाच्या हाती देत नसत. ओळीओळीतून फिरत ते कणसं पारखायचे आणि जे सगळ्यांत टपोरं, दाण्यानं गच्च भरलेलं असेल तेच कापायचे.

"पाहुण्याच्या पुढ्यात दुय्यम कणीस ठेवायचं म्हणजे त्याला मागच्या दारानं घरात घ्यायचं," असं ते म्हणायचे.

पाटलांचं बघून सारं गावच तसं करायचं. महिनाभर रानोमाळ आगट्या धुमसायच्या. मग जी कणसं ताटावर, म्हणजे उभ्या धांड्यावर उरायची, ती वाळायची, खळ्यात यायची, मळली जायची. त्या राशीतून वर्षाचं खाणं निघायचं आणि त्याच राशीतून पुढच्या सालाचं बियाणंही. यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नव्हतं. वाटावं तरी कसं? दोष काढायला काही वाईट काम तर कुणी करत नव्हतं. सगळे पाहुणचारच करत होते.

पण सालागणिक काहीतरी बिघडत चाललं होतं.

कणसं आखूड होऊ लागली. दाणे बारीक आणि पोचट निघू लागले. पेरलेल्या रानात मध्ये मध्ये मोकळ्या जागा दिसू लागल्या, म्हणून लोक बियाणं दुप्पट पेरू लागले. तरीही ओळी तुटकच. शिवाय काणी पडू लागली, म्हणजे कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी भरलेली असायची.

पाहुण्यांनाही ते कळत होतं. पण पाहुणे भल्या घरचे, यजमानाला तोंडावर नावं कशी ठेवणार? ते हुरड्याची मूठ तोंडात टाकायचे, क्षणभर थांबायचे आणि म्हणायचे, "वा पाटील! चटणी काय फर्मास झालीय!"

पहिल्या वर्षी ते ऐकून पाटील खूश झाले. दुसऱ्या वर्षी पाटलीणबाई खूश झाल्या. तिसऱ्या वर्षी मात्र पाटलांच्या ध्यानात आलं, की हुरड्याबद्दल कुणी बोलतच नाही.

गावानं देवीला नारळ फोडले. शेणखत दुप्पट टाकलं. नांगर खोल घातले. काही उपयोग झाला नाही. शेवटी पाटलांचे बांधाला बांध असलेले शेजारी सटवाजी एक दिवस पारावर म्हणाले, "पाटील, उगाच जीव काढून उपयोग नाही. माणूस म्हातारं होतं तशी जमीनही होते. आपली जमीन म्हातारी झाली."

पाटलांना ते पटलं. त्यांचेही गुडघे दुखू लागले होते.

त्याच साली पाटलांच्या धाकट्या मुलाचं, निंबाजीचं लग्न झालं आणि गोजरा सून म्हणून घरात आली.

गोजराचं माहेर वर डोंगरपट्ट्यात. तिकडं जमीन मुरमाड, माती वीतभर, खाली दगड. अशा जमिनीत दाणा पिकवायचा तर हयगय चालत नाही. गोजराचा बाप पेरणीच्या आधी चार दिवस बियाणं घेऊन बसायचा आणि लेकीला शेजारी बसवायचा. बोलणं थोडं, दाखवणं फार, असा तो माणूस होता. हा दाणा बघ, हा हातात घे, हा टाकून दे. गोजरा अशी शिकत मोठी झाली होती.

सासरी आल्यावर पहिल्याच हस्ताला तिनं पेरणी पाहिली आणि ती चक्रावली. निंबाजी तिफणीच्या चाड्यात, म्हणजे बी सोडायच्या तोंडात, मुठीमागून मूठ सोडत होता. जेवढ्या बियाण्यात तिच्या बापाची दोन रानं पेरून झाली असती, तेवढं इथं एकाच रानात गेलं. पौषात तिनं हुरडाही पाहिला. सासरे विळा घेऊन पुढं, त्यांच्यामागं टोपली घेऊन ती. टोपलीत पडणारं एकेक कणीस ती पाहत होती आणि ताटावर मागं काय उरतंय तेही पाहत होती. पण नवी सून, बोलणार काय? 

पुढच्या पेरणीला महिना राहिला तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. तिनं कणगीतलं बियाणं काढलं, डोळे मिटून मूठ भरली आणि त्यातले शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात गुंडाळले. माहेरून निघताना बापानं शिदोरीबरोबर जोंधळ्याची एक पुरचुंडी बांधून दिली होती, त्यातले शंभर दाणे दुसऱ्या फडक्यात. दोन्ही गुंडाळ्या तिनं चुलीमागच्या उबेला ठेवल्या आणि रोज त्यांवर पाणी शिंपडलं.

पाचव्या दिवशी तिनं सासूला बोलावलं. "आत्याबाई, हे बघा."

माहेरच्या फडक्यात नव्वदाच्या वर कोंब आले होते. पांढरे, ताठ, एकसारखे. सासरच्या फडक्यात अठ्ठेचाळीस, आणि त्यातलेही कितीतरी वाकडे, दोऱ्यासारखे बारीक. उरलेले दाणे कुजून फडक्याला चिकटले होते.

पाटलीणबाईंनी दोन्ही फडकी उचलली आणि नेऊन ओसरीवर पाटलांच्या पुढ्यात पसरली. गोजरा दाराच्या आड उभी राहिली.

पाटील वाकून बघू लागले. "हे काय आहे?"

"सूनबाईला विचारा," पाटलीणबाई म्हणाल्या. "तिनं केलंय."

दारामागून आवाज आला, हळू पण स्वच्छ. "मामंजी, या फडक्यांत जमीन नाही. नुसतं पाणी आणि दाणा. तरी निम्मे दाणे उगवले नाहीत. मग जमीन म्हातारी झाली असं कसं म्हणायचं?"

"मग कशानं होतंय हे?"

गोजरा अडखळली. मग म्हणाली, "लहान तोंडी मोठा घास होईल. पण पौषात आपण रानातलं सगळ्यांत चांगलं कणीस खातो. नंतर त्याच्याहून उणं असेल ते खातो. सगळ्यांचं खाऊन झालं की जे उरतं ते जमिनीत टाकतो. दरसाल असंच. मामंजी, आपण जमिनीत उष्टं पेरतोय."

 पाटलांचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे माझ्या पाहुणचारानं गावाचं वाटोळं केलं, असं म्हणायचंय तुला?"

 पाटील उठले, पायांत जोडा घातला आणि रानाकडं चालते झाले. दोन दिवस ते घरात कुणाशी धड बोलले नाहीत.

पण माणूस मनाचा सरळ होता. राग आला तरी डोळ्यांनी पाहिलेलं खोटं म्हणणाऱ्यांतला नव्हता. तिसऱ्या दिवशी जेवायला बसले तेव्हा त्यांनी आपणहून विषय काढला. "सूनबाई, तुझ्या बापाकडून दोन पोती बियाणं आणू या का? ते तर फडक्यात झकास उगवलं."

"नको, मामंजी," गोजरा वाढता वाढता म्हणाली. "ते बी मुरमाडातलं. तुमच्या काळ्या रानात ते माजेल, उंच होईल आणि वाऱ्यानं लोळेल. इथलं बी इथल्याच रानातून निवडायचं. अजून वेळ गेलेली नाही. दर ओळीत एखादं तरी चांगलं ताट असतंच."

"मग काय करायचं म्हणतेस?"

"यंदा हुरड्याच्या आधी मला शंभर कणसं निवडू द्या. फक्त शंभर. त्यांना कुणी हात लावायचा नाही."

पाटलांनी भाकरीचा तुकडा मोडला. "शंभरच ना? घे."

पौष आला. गोजरानं जुन्या लुगड्याचे लाल काठ फाडून त्यांच्या चिंध्या केल्या आणि ती सात दिवस रान फिरली. एक ताट निवडायला कधीकधी तिला अर्धा तास लागायचा. बुंधा दाबून बघायची, पानं उलटून बघायची, कणसाला हळूच मुठीत धरून त्याचा भरीवपणा अजमावायची. आसपासच्या ताटांना काणी असेल तर चांगलं कणीसही सोडून द्यायची. शंभरावी चिंधी बांधली तेव्हा तिच्या हातांना पानांचे ओरखडे पडले होते.

त्यानंतर चारच दिवसांनी एक घोडेस्वार गावात आला. राजाची स्वारी सीमेकडून परत निघाली होती. वडिलांच्या तोंडून राजानं लहानपणी या गावच्या हुरड्याची कीर्ती ऐकली होती आणि उद्या सकाळी स्वारी पाटलांच्या रानात थांबणार होती.

पाटलांना आभाळ ठेंगणं झालं! सात पिढ्यांत गावाला राजाचे पाय लागले नव्हते. रान झाडलं गेलं, चांदवे बांधले गेले, नवी आगटी खणली गेली. सकाळी राजा आला, चांदव्याखाली बसला, आणि पाटील विळा घेऊन रानात शिरले.

ते दहा ओळी फिरले. पंधरा ओळी फिरले. जे कणीस हातात घ्यावं ते विरळ. काही कणसं निम्मी भरलेली, काहींत काळी भुकटी. आणि त्यांच्या मध्ये मध्ये, लाल चिंध्या बांधलेली टपोरी कणसं उन्हात डोलत होती.

पाटलांचा हात तिकडं गेला. त्यांनी एक कणीस धरलं, विळा लावला आणि मान वर केली. समोर गोजरा टोपली घेऊन उभी होती.

"बाजूला हो, सूनबाई," पाटील घोगऱ्या आवाजात म्हणाले. "दारात राजा आलाय."

गोजरा बाजूला झाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज हलला नाही. "कापा, मामंजी. रान तुमचं, कणीसही तुमचं. कापायच्या आधी एवढंच सांगा, येत्या हस्ताला आपण काय पेरायचं?"

विळा कणसाच्या देठाला टेकलेला तसाच राहिला. राजाच्या तळावरून घोड्यांचं खिंकाळणं ऐकू येत होतं.  पाटलांनी कणसाकडं पाहिलं, चिंधीकडं पाहिलं, सुनेच्या ओरखडलेल्या हातांकडं पाहिलं. मग विळा खाली घेतला आणि मुकाट्यानं पुढच्या ओळीत शिरले.

त्या दिवशी राजाच्या पानात साधाच हुरडा पडला.

राजानं मूठभर दाणे तोंडात टाकले आणि तो सावकाश चावू लागला. त्याची नजर रानावर फिरत होती. "पाटील, त्या कणसांना चिंध्या कसल्या?"

"बियाण्याची आहेत, महाराज. सुनेनं राखलीत."

राजाशेजारी बसलेले त्याचे कारभारी तडकले. "म्हणजे राजापेक्षा बियाणं मोठं?"

 पाटलांनी हात जोडले. "महाराज आज आले, आमचं भाग्य. उद्या निघतील. बियाणं निघून गेलं तर परत येत नाही."

राजा रागावला नाही आणि हसलाही नाही. त्यानं आणखी एक मूठ खाल्ली, पाणी प्यायला आणि उठता उठता म्हणाला, "चटणी फार चांगली होती."

स्वारी निघून गेली. त्या दिवशी पाटील जेवले नाहीत. ओसरीच्या खांबाला टेकून बसून राहिले. गोजरा ताक घेऊन आली आणि उंबऱ्याशीच थांबली.

"मामंजी, माझं चुकलं का?"

"तुझं काही चुकलं नाही, पोरी." पाटलांनी तांब्या घेतला. "पण जिव्हारी लागतं गं. आयुष्यभर लोकांना चांगलंचुंगलं खाऊ घातलं, आणि राजा आला त्याच दिवशी..." 

गावानं तर महिनाभर दुसरा विषय काढला नाही. सटवाजी पारावर म्हणाले, "आपल्या पाटलांनी राजाला पोचट दाणे चारले आणि चिंध्यांची पूजा मांडली. पाटीलकी आता सुनेकडं गेली म्हणायची!" सगळे हसले. पाटील तिथून जात होते. त्यांनी ऐकलं आणि ते तसेच पुढं गेले.

माघात कणसं वाळली. गोजरानं ती शंभर कणसं वेगळी खुडली, सावलीत सुकवली आणि बैलांच्या पायाखाली न घालता हातानं चोळून त्यांचे दाणे काढले. बारीक दाणे पाखडून टाकले. उरलेल्या दाण्यांत राख आणि कडुनिंबाचा पाला मिसळला, मडकी भरली आणि त्यांची तोंडं शेणामातीनं लिंपून टाकली. उन्हाळ्यात घरात दाण्याची ओढाताण होती. एकदा सासूनं त्या मडक्यांकडं नुसतं पाहिलं. गोजरानं वळून पाहिलं. सासूच म्हणाली, "नाही गं बाई. मी फक्त मोजत होते," आणि दोघी हसल्या.

हस्तात ओढ्याकडच्या पट्ट्यात ते बियाणं पेरलं. निंबाजीला सवयीनं मूठ सैल सोडायची होती. गोजरा बांधावरून ओरडली, "अहो, जरा हात आखडून! यातला प्रत्येक दाणा उगवायचाय!"

आठव्या दिवशी पाटील पट्टा बघायला गेले आणि तिथंच खाली बसले. ओळी अशा उगवल्या होत्या, की जणू कुणी हिरव्या दोऱ्यानं धावदोरा घातलाय. या टोकापासून त्या टोकापर्यंत एक टाका तुटलेला नव्हता. शेजारच्या जुन्या बियाण्याच्या रानात मात्र तीच भोकं, तीच ठिगळं.

त्या साली काणी आली ती सगळ्या गावात आली. ओढ्याच्या पट्ट्यात ती मुळीच नव्हती असं नाही. पाचपन्नास कणसं गेली. गोजरानं ती कापून जाळून टाकली. पण बाकीच्या पट्ट्यानं एवढं पीक दिलं, की खळ्यावर दोन्ही राशी शेजारी शेजारी पडल्या तेव्हा लहान पोरांनाही फरक दिसला. त्या पट्ट्यातूनही खळ्याआधी, हुरड्याआधी गोजरानं पुन्हा कणसं निवडली. या वेळी निवडायला पाटील स्वतः तिच्याबरोबर होते.

त्याच्या पुढच्या साली पाटलांचं सगळं रान राखलेल्या बियाण्याचं झालं.

एक दिवस सकाळीच सटवाजी पाटलांच्या दारात येऊन उभे राहिले. मुंडासं हातात, नजर जमिनीकडं. "पाटील, मी बोलू नये ते बोललो. तोंड दाखवायला जागा नाही. पण यंदा माझ्या रानात वाळलेल्या काटक्यांखेरीज काही उभं नाही. थोडं बियाणं मिळेल का?"

पाटलांच्या मनात क्षणभर पारावरचं हसू येऊन गेलं. मग ते आत वळून म्हणाले, "सूनबाई, मडकी तुझी आहेत. काय ते तू सांग."

गोजरा बाहेर आली. "काका, बियाणं देते. पण आधी माझ्याबरोबर रानात चला."

रानात नेऊन तिनं सटवाजींना एक लाल चिंधी दिली. "तुम्हाला सगळ्यांत चांगलं वाटेल त्या कणसाला बांधा."

सटवाजींनी इकडंतिकडं पाहिलं आणि थेट खताच्या ढिगालगतचं एक भलंमोठं कणीस गाठलं. गोजरा हसली. "हे चुकलं. याला खत भरपूर, शेजारी ताट नाही, वारा-ऊन सगळं एकट्याला. ते फुगलंय ते जागेमुळं. त्याचं मोठेपण बियाण्यात उतरायचं नाही. त्यापेक्षा ते मधलं बघा. चहूबाजूंनी दाटी, खायला सगळ्यांइतकंच, आणि तरी कसं भरलंय! मोठेपण त्याचं स्वतःचं आहे. चिंधी त्याला बांधा."

सटवाजींनी डोक्यावर हात मारून घेतला. "बत्तीस साल शेती केली आणि मी खताचा ढीगच निवडत आलो!"

गोजरानं त्यांना दोन पायल्या बियाणं दिलं. परत किती द्यायचं, असं सटवाजींनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "काही नको. येत्या पौषात पाहुण्यांना बोलवायच्या आधी तुमच्या रानात चिंध्या बांधलेल्या दिसल्या पाहिजेत. एवढंच."

पुढच्या पौषात सटवाजींच्या रानात चिंध्या दिसल्या. त्याच्या पुढल्या पौषात त्यांच्या शेजाऱ्यांच्या. चार-पाच सालांत गावात रीतच पडली, की आधी बियाण्याची कणसं राखायची आणि मगच आगटी पेटवायची. हुरडा बंद पडला नाही बरं का! पाटलांनी तो बंद पडू दिलाच नसता. उलट रानातली उरलेली कणसंच एवढी भरू लागली, की पाहुण्याला कुठलंही कापून दिलं तरी लाज वाटू नये.

मग एक साल असं आलं, की आसपासच्या मुलखात पाऊस दडी मारून बसला. लोकांनी पोटासाठी कणग्या खरवडल्या. खायचं संपल्यावर बियाणंही खाल्लं. या गावानं नाचणी, कंदमुळं, पाला, जे मिळेल ते खाऊन दिवस काढले, पण लिंपलेल्या मडक्यांना कुणी हात लावला नाही. पुढच्या साली पाऊस आला तेव्हा वीस गावांची माणसं रिकामी पोती घेऊन बियाणं शोधत फिरत होती. ती पाटलांच्या दारात आली.

पाटलांनी सगळ्यांना ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, घरात होती ती आंबील दिली. आणि जाताना प्रत्येकाच्या पोत्यात बियाणं घातलं. प्रत्येकाला ते तेच सांगत होते, "हे इथं खाऊन संपवायचं नाही. घरी न्यायचं आणि पेरायचं. आणि पेरलेल्यातलं चांगलं राखायचं."

पुष्कळ वर्षं गेली. पाटील अगदी थकले. एकदा नातीच्या सासरी जायला ते बैलगाडीतून निघाले होते. घरापासून तीन दिवसांच्या वाटेवर, एका अनोळखी गावाच्या शिवारात त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. रस्त्यालगत जोंधळा उभा होता. बांधावर एक शेतकरी काम करत होता.

"राम राम! पीक छान आहे," पाटील म्हणाले. "कुठलं बियाणं हे?"

"राम राम, बाबा. हा सुनेचा जोंधळा."

"सुनेचा? म्हणजे काय?"

"नाव आहे त्याचं. आमच्या बापानं कुठून तरी आणला होता. सगळा मुलूख याला सुनेचा जोंधळाच म्हणतो. कुणाची सून, कुठली सून, काही ठाऊक नाही. पण बाई शहाणी असणार. या जोंधळ्याबरोबर तिची रीतही आलीय. हुरड्याच्या आधी बियाणं राखायचं."

पाटील गाडीतून उतरले. दिसत फारसं नव्हतं, म्हणून त्यांनी हात पुढं करून एक कणीस मुठीत घेतलं. भरीव होतं. दाण्याला दाणा लागलेला. त्यांचे म्हातारे डोळे भरून आले.

"माझी," ते म्हणाले. "माझी सून आहे ती."

शेतकऱ्यानं खुरपं खाली टाकलं आणि पुढं येऊन त्यांचे पाय धरले. त्या दिवशी त्या गावानं पाटलांना पुढं जाऊ दिलं नाही. घरोघरून माणसं आली, लेकरं आली, बायका आल्या, आणि ज्या घरी कधी पाऊल टाकलं नव्हतं त्या घरात पाटील घरच्या वडीलधाऱ्यासारखे पाटावर बसून पोटभर जेवले.

म्हणून सांगतो, लेकरांनो: सगळ्यांत चांगलं ते आधी मातीला द्यावं, जो चांगलं खाऊन उरलेलं पेरतो त्याचं रान सालोसाल उणं होतं, आणि जो चांगलं पेरून उरलेलं खातो त्याला कधी उणं पडत नाही.